काळोखातला उंचीचा हिशेब

भोरजवळच्या उत्रोलीवरून रात्री एक लहान विमान वायव्येकडे चालले आहे, असे समजू. उंचीमापक ५,००० फूट दाखवतो आहे, इंजिन नीट चालते आहे, आकाश निरभ्र आहे. हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा. उत्रोली-भोरची जमीनच मुळात समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास आहे. म्हणजे विमान आणि खालचे भाताचे खाचर यांच्यात अंतर उरले तीन हजार फूट. वैमानिकाने काहीही न करता त्याच उंचीवर, ताशी १८५ किलोमीटर या सावकाश वेगाने राजगड-तोरण्याच्या दिशेने जात राहायचे ठरवले, तर सहा-सात मिनिटांत राजगडाचा साडेचार हजार फुटांचा बालेकिल्ला येतो आणि आणखी दोन-तीन मिनिटांत ४,६०३ फुटांचा तोरणा. आता विमानाखाली चारशे फूटच आहेत. विमान तसूभरही खाली आलेले नाही. जमीन वर आली आहे.

दिवसा ही गोष्ट कुणाच्याही लक्षात येईल. रात्री येत नाही. वस्ती दऱ्यांमध्ये असते, दिवेही तिथेच असतात. माथ्यावर दिवा नसतो. वरून पाहणाऱ्याला भोर शहर, महामार्ग, वाड्या-वस्त्यांचे ठिपके दिसतात आणि त्यांच्यामध्ये काळे पट्टे दिसतात. त्या काळ्या पट्ट्यात भाटघरचे पाणी आहे, माळरान आहे की रोहिड्याचा कडा, हे नजर सांगू शकत नाही.

लहान विमानातून रात्री उडताना म्हणूनच उंचीबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. इंजिन चालू असताना डोंगरावर आदळू नये यासाठी किती उंच असावे, हा पहिला. इंजिन बंद पडले तर ती उंची पुरेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नियमांत लिहिलेले आहे. दुसऱ्याचे उत्तर नियमांत नाही, आणि पहिल्याच्या उत्तरातच दुसऱ्याचेही आले, असा समज अनेकदा करून घेतला जातो.

पहिला प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे पुणे जिल्ह्याने पाहिलेले आहे. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्र उलटल्यावर अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान जुन्नर परिसरातील डोंगरावर आदळले. सिडनीहून निघालेले हे विमान डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे थांबे घेत मुंबईला उतरणार होते. विमानात ९४ जण होते, त्यांपैकी एकही वाचला नाही. हे विमान लहान नव्हते. त्याला चार जेट इंजिने होती आणि ती चालू होती. चौकशीत निघालेला निष्कर्ष असा की, दिशा-अंतराच्या हिशेबात चूक झाली आणि आपण मुंबईच्या आहोत त्यापेक्षा बरेच जवळ आलो आहोत असे वैमानिकाला वाटले. त्यामुळे त्याने वेळेआधीच उतरायला सुरुवात केली. ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही आणि त्या मार्गावरील भूप्रदेशाची पुरेशी ओळख नव्हती, ही कारणेही अहवालात नोंदलेली आहेत. मुंबई अजून ऐंशी किलोमीटरच्या आसपास दूर होती. विमान माथ्याच्या अगदी जवळ धडकले. थोडे फूट वर असते तर डोंगर खालून निघून गेला असता आणि विमानातल्या कुणाला तो कळलाही नसता.

किमान सुरक्षित उंची ही कल्पना अशा अपघातांतूनच पक्की होत गेली. उपकरणांच्या आधारे उडताना आंतरराष्ट्रीय नियम साधा आहे: विमानाच्या अंदाजित जागेपासून आठ किलोमीटरच्या परिसरात जो सर्वांत उंच अडथळा असेल, त्याच्यापेक्षा किमान १,००० फूट वर राहायचे. प्रदेश डोंगराळ असेल तर २,००० फूट. भोर-वेल्ह्यासाठी हा हिशेब कुणालाही कागदावर करता येईल. तोरणा ४,६०० फूट, रायरेश्वरचे पठार साडेचार हजारांच्या आसपास, सिंहगड ४,३०० फूट, पूर्वेला पुरंदर जवळपास ४,५०० फूट. सगळ्यांत उंच तोरणा. त्यात दोन हजार मिळवले की ६,६०० फूट. या दोन तालुक्यांवरून रात्री जाणाऱ्याने त्याखाली येऊ नये.

डोंगराळ भागात दुप्पट अंतर का, याला कारणे आहेत. सह्याद्रीच्या धारेवरून वारा ओलांडतो तेव्हा मागच्या बाजूला तो खाली कोसळतो. लहान विमानाच्या इंजिनाची वर चढण्याची क्षमता मिनिटाला सहा-सातशे फूट असते, तीही समुद्रसपाटीजवळ. उंचीवर ती आणखी घटते. कोसळणारा वारा त्याहून जोरात असेल तर इंजिन पूर्ण ताकदीने चालू असूनही विमान खाली येत राहते. दुसरे कारण खुद्द उंचीमापक. हे उपकरण अंतर मोजतच नाही, हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंची ठरवते. दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत साधारण २७ फुटांचा फरक. पावसाळ्यात कमी दाबाचे क्षेत्र आले आणि दाब १,००० हेक्टोपास्कलवर उतरला, पण वैमानिकाने उपकरण १,०१३ या प्रमाण दाबावरच ठेवले, तर ते साडेतीनशे फूट जास्त उंची दाखवेल. तोरण्यावरून चारशे फुटांनी जाणाऱ्या आपल्या सुरुवातीच्या विमानाचे त्यात काय होईल, हे सांगायला नको.

तर ६,६०० फूट. इथे आरोग्याचा प्रश्न येतो, कारण ही उंची डोंगरासाठी सुरक्षित असली तरी डोळ्यांना ती मानवतेच असे नाही.

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे दाखवतात. त्या मध्यभागी दाटीने असतात. दंडपेशी अंधुक प्रकाशात काम करतात, पण त्या मध्यबिंदूवर नसतात, भोवतीने पसरलेल्या असतात. म्हणून अंधारात एखाद्या गोष्टीकडे रोखून पाहिले की ती नाहीशी होते आणि नजर थोडी बाजूला नेली की पुन्हा दिसते. मंद तारा पाहताना हा अनुभव कुणीही घेऊ शकतो. वैमानिकांना हे मुद्दाम शिकवले जाते: रात्री बाहेर पाहताना पाच-दहा अंश बाजूला पाहा आणि नजर फिरती ठेवा. दंडपेशींना अंधाराची पूर्ण सवय व्हायला अर्धा तास लागतो. या काळात ऱ्होडॉप्सिन नावाचे, अ जीवनसत्त्वापासून बनणारे रंगद्रव्य त्यांच्यात साठत जाते. मोबाइलच्या पडद्याचा झगझगीत उजेड डोळ्यांवर पडला की ही सारी तयारी काही क्षणांत वाया जाते आणि पुन्हा सुरुवातीपासून वाट पाहावी लागते.

या पेशींची ऑक्सिजनची भूक फार मोठी असते. पाच हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८३ टक्क्यांच्या आसपास असतो. ६,६०० फुटांवर तो आणखी कमी, सुमारे ७८ टक्के. दिवसा एवढ्या उंचीवर निरोगी माणसाला काहीच जाणवत नाही. महाबळेश्वरला फिरायला गेलेल्यांना आपण साडेचार हजार फुटांवर आहोत याची आठवणही नसते. पण अंधारातली नजर याच पट्ट्यात मंदावू लागते. म्हणूनच अमेरिकेच्या हवाई प्रशासनाची शिफारस अशी आहे की, दिवसा १०,००० फुटांपासून वर जादा ऑक्सिजन घ्यावा, रात्री मात्र ५,००० फुटांपासूनच. सिगारेट ओढणाऱ्याचे गणित आणखी बिघडते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो, त्यामुळे त्याचे शरीर जमिनीवर असतानाच काही हजार फूट उंचीवर असल्यासारखे वागू लागते. लहान विमानांत हाच वायू आणखी एका वाटेने येऊ शकतो. केबिन उबदार ठेवणारी हवा बहुधा इंजिनाच्या धुराड्याभोवती फिरवून तापवलेली असते. धुराड्याला चीर गेली की धूर केबिनमध्ये शिरतो. वास येईलच असे नाही, कारण मुळात या वायूला वास नसतो. डोके जड होणे आणि विचार मंदावणे ही त्याची लक्षणे, आणि रात्रीच्या जागरणाने आलेला थकवाही अगदी तसाच वाटतो.

डोळ्यांनंतर कान. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात; त्यांतला द्रव हलला की मेंदूला वळल्याची जाणीव होते. विमान एकाच वेगाने वळत राहिले तर दहा-वीस सेकंदांत हा द्रव नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव संपते. विमान कलंडलेले असते, माणसाला मात्र ते सरळ चालले आहे असे वाटते. मग ते खरोखर सरळ केले की उलट बाजूला वळल्याचा भास होतो आणि हात आपोआप जुन्या वळणाकडे जातो. वळण घट्ट होत जाते, विमान गिरक्या घेत खाली येते. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली झालेल्या प्रयोगात, उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवायला लावले. विसांपैकी एकालाही विमान आटोक्यात ठेवता आले नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. अमावास्येच्या रात्री वेल्ह्याच्या डोंगरांवर क्षितिज दिसत नाही, तेव्हा परिस्थिती याहून फार वेगळी नसते.

अनुभवी माणूसही यातून सुटत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ जणांचा मृत्यू झाला. किनाऱ्यावरचे दिवे मागे पडले होते, समोर काळा समुद्र होता आणि कप्तानासमोरचे विमानाचा कल दाखवणारे उपकरण चुकीचा कल दाखवत होते. त्याने उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलंडवले आणि ते कलंडतच गेले. बाहेर क्षितिज असते तर एका नजरेत चूक कळली असती. आतला कान सगळ्यांचा सारखाच असतो, विमान चार इंजिनांचे असो की एका इंजिनाचे. बेंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेत वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवून हा दिशाभ्रम मुद्दाम अनुभवायला लावतात, तो यासाठीच. कान खोटे बोलतो हे वाचून पटत नाही.

आता दुसरा प्रश्न. समजा, उंची योग्य आहे, उपकरणे योग्य आहेत, वैमानिक शांत आहे आणि इंजिन थांबले.

सर्वसामान्य समज असा की, इंजिन बंद पडलेले विमान दगडासारखे पडते. तसे होत नाही. प्रशिक्षणासाठी सर्वत्र वापरले जाणारे सेसना १७२ हे विमान इंजिनाविना एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जाते. ताशी १२० किलोमीटरचा वेग राखला तर ते मिनिटाला सातशे-साडेसातशे फूट उतरते. म्हणजे जमिनीपासूनची प्रत्येक हजार फूट उंची वैमानिकाला पावणेतीन किलोमीटर अंतर आणि सुमारे सव्वा मिनिट वेळ देते. वेग कमी पडला किंवा जास्त झाला तर हे आकडे घटतात, समोरून वारा असला तरी घटतात. उत्रोलीवर ६,६०० फूट असलेल्या विमानाखाली ४,६०० फूट हवा आहे, म्हणजे बारा-साडेबारा किलोमीटर आणि सहा मिनिटे. सहा मिनिटे बरीच असतात. तोरण्याच्या माथ्यावर याच ६,६०० फुटांतले फक्त दोन हजार उरतात: साडेपाच किलोमीटर आणि पावणेतीन मिनिटे. दरी खोल असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा वेळ जास्त मिळतो, पण त्या दरीत उतरायला जागा कुठे आहे?

नियमातली किमान उंची डोंगर चुकवण्यासाठी आखलेली आहे, तरंगत दूर जाण्यासाठी नाही. इंजिन चालू आहे असे गृहीत धरूनच ती काढलेली असते. एकाच इंजिनाच्या विमानातून रात्री जाणाऱ्याला ती पुरेशी मानता येत नाही.

दिवसा इंजिन गेले तर काय होते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. बारामती हे वैमानिक प्रशिक्षणाचे मोठे केंद्र आहे. तिथून निघालेले एका शिकाऊ वैमानिकाचे लहान विमान जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. वैमानिक तरुणी जखमी झाली, पण वाचली. वेळ दिवसाची होती आणि खाली इंदापूरचे सपाट रान होते. या दोन्ही गोष्टी वजा केल्या की जे उरते, ते रात्रीचे वेल्हे.

रात्री इंजिनाने दगा दिल्याचे महाराष्ट्रातले जुने उदाहरण नागपूरचे आहे. १९४९ पासून देशात रात्रीची टपालसेवा सुरू झाली होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल करायची आणि परतायची. प्रवासीही नेले जात. १२ डिसेंबर १९५३ रोजी पहाटेपूर्वीच्या अंधारात यातले मद्रासला जाणारे डकोटा विमान नागपूरहून उडाले आणि लगेच त्याच्या एका इंजिनाची ताकद गेली. विमान कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते. फक्त कप्तान वाचला. विमानाला दोन इंजिने होती, पण जमिनीच्या इतक्या जवळ असताना उरलेले एक उपयोगी पडले नाही. उंचीच नसली तर वेळही नसतो, आणि खाली काय आहे ते दिसतही नाही.

उड्डाणानंतर लगेच एकमेव इंजिन गेले तर धावपट्टीकडे परत वळण्याचा मोह होतो. काही शे फुटांवर तो जीवघेणा ठरतो. वळताना विमान उंचीही गमावते आणि वेगही. शिकवण अशी की, नाक खाली घ्यायचे, वेग राखायचा आणि समोर, थोडे डावी-उजवीकडे, जे असेल त्यात उतरायचे. रात्री समोर काय आहे ते माहीत असावे लागते, कारण ते दिसणार नाही. म्हणून चांगले प्रशिक्षक विद्यार्थ्याला रात्री उडवण्याआधी धावपट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडचा परिसर दिवसा दाखवतात.

इंजिने बंद का पडतात? कारणे बहुधा अगदी साधी असतात. इंधन संपते, किंवा एका टाकीत संपलेले असते आणि दुसरीत शिल्लक असते. रात्रीच्या उड्डाणात शेवटी ४५ मिनिटांचे इंधन शिल्लक राहील असे नियोजन करायचे, दिवसा ३० मिनिटांचे पुरते. हा जादा पाव तास फुकटचा नाही. इंधनात पाणी असते. निळसर रंगाच्या या पेट्रोलपेक्षा पाणी जड, त्यामुळे ते टाकीच्या तळाशी बसते आणि उड्डाणापूर्वी तळातून थोडे इंधन काचेच्या भांड्यात काढून पाहिले की बुडबुड्यासारखे वेगळे दिसते. ही तपासणी रात्री बॅटरीच्या उजेडात, घाईघाईत केली जाते.

आणि कार्ब्युरेटरमधला बर्फ. पुण्यासारख्या हवेत बर्फ कुठला, असे कुणालाही वाटेल. पण कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद गळ्यातून जाते, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान झपाट्याने वीस-तीस अंशांनी उतरते. बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान आणि दमट हवा असेल तर आत बर्फ धरू शकतो. पाऊस नुकताच थांबलेला, दऱ्यांत धुके साचलेले, म्हणजे भोर परिसरातली सप्टेंबर-ऑक्टोबरची रात्र यासाठी अगदी अनुकूल. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात. यावर उपाय एका दांड्याचा: ती ओढली की गरम हवा आत जाते. पण सुरुवातीला इंजिन आणखीच खडखडते, कारण वितळलेले पाणी त्यातून जात असते. घाबरून दांडी परत ढकलणारा वैमानिक उपायच थांबवतो. ती ओढून धरून अर्धा-एक मिनिट तो खडखडाट सोसावा लागतो, आणि अंधारात ते मिनिट फार लांब असते.

वैमानिकांमध्ये एक जुना विनोद आहे की, एका इंजिनाचे विमान रात्री डोंगरावर आले की इंजिनाचा आवाज आपोआप बिघडतो. बिघाड इंजिनात नसतो. भीतीने कान तीक्ष्ण होतात आणि एरवी न ऐकू येणारी थरथर ऐकू येऊ लागते. यात धोका असा की, दहा वेळा खोटा वाटलेला खडखडाट अकराव्या वेळी खरा असू शकतो. म्हणून आवाजावर नाही, काट्यांवर निर्णय घ्यायचा: तेलाचा दाब, तेलाचे तापमान, फेरे.

खरोखर इंजिन गेले तर क्रम ठरलेला आहे. आधी वेग, मग दिशा, मग कारण शोधणे: टाकी बदलणे, गरम हवा, इंधनाचे मिश्रण, मॅग्नेटोची किल्ली. तोवर रेडिओवर कुणाला कळवले नाही तरी चालते. उतरायची जागा निवडणे हा रात्रीचा सगळ्यांत अवघड भाग, कारण नजर दिव्यांकडे ओढली जाते. दिवे म्हणजे माणसे, घरे, विजेच्या तारा. महामार्ग वरून सरळ, रुंद, उजळलेली धावपट्टी वाटतो. जवळ गेल्यावर त्यावर ट्रकची रांग असते, वर कमानी आणि तारा असतात. अमेरिकी प्रशासनाच्या पुस्तकातली सूचना उलटी आहे: अंधारा पट्टा निवडा, पण रस्त्याजवळचा, म्हणजे मदत लवकर पोहोचेल. पूर्वेकडच्या सपाट मुलखात ही सूचना लागू पडते. सह्याद्रीत अंधारा पट्टा म्हणजे कडाही असू शकतो, तिथे ती डोळे मिटून पाळता येत नाही. त्यापेक्षा चंद्राचा आधार मोठा. चतुर्दशी-पौर्णिमेच्या रात्री पाणी चमकते, धारा उठून दिसतात, शेतांचे बांधही कळतात. पंचांगात चंद्रोदयाची वेळ पाहणे हा रात्रीच्या उड्डाणात धार्मिक विषय राहत नाही.

नव्या विमानांत काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. उपग्रहांच्या आधारे पडद्यावर डोंगरांचे चित्र उमटते आणि धोक्याचा माथा लाल होतो. जुन्नरवर आदळलेल्या विमानात असे काही नव्हते. सिरससारख्या विमानात अख्खे विमान खाली आणणारी हवाई छत्री असते, आणि रात्री तिचे मोल दिवसापेक्षा जास्त, कारण तिला उतरायची जागा दिसावी लागत नाही. पण प्रशिक्षणातली बहुतेक विमाने जुन्या घडणीची आहेत. आपल्याकडे केवळ बाहेर पाहून करायची उड्डाणे सूर्यास्त ते सूर्योदय या काळात एरवी करता येत नाहीत; हवाई वाहतूक नियंत्रणाने मुभा दिलेली स्थानिक आणि फ्लाइंग क्लबची प्रशिक्षणाची उड्डाणे हा अपवाद. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांपैकी रात्रीचे एकट्याच्या जबाबदारीचे उड्डाण किमान पाच तास पुरते. अंधारात खरोखर किती तास घालवले हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

पुण्याहून कोल्हापूरकडे रात्री एका इंजिनाच्या विमानाने जायचे असेल तर सरळ रेषा पुरंदरच्या बाजूने शिरवळवरून जाते, भोर उजव्या हाताला राहते. नियमाने इथे साडेसहा हजार फूट पुरतात. ८,५०० फूट घेतले तर शिरवळवर जमिनीपासून साडेसहा हजार फूट मिळतात, म्हणजे अठरा किलोमीटर आणि नऊ मिनिटे. त्या बदल्यात डोळ्यांना ऑक्सिजनची नळी लागते आणि चढायला थोडे जास्त इंधन. या उंचीवरूनही लोहगावची धावपट्टी गाठता येत नाही. उजवीकडे भोर-वेल्ह्याचे डोंगर आहेत, समोर खंबाटकी आहे. डावीकडे नीरेच्या खोऱ्यात जमीन सपाट होत जाते. शिरवळवर इंजिन थांबले तर वळायचे ते डावीकडे, हे लोहगावची धावपट्टी सोडण्याआधीच नकाशावर पेन्सिलीने लिहून ठेवावे लागते, आणि तो नकाशा लाल बॅटरीच्या उजेडात वाचता येईल अशा अक्षरात.